तलवारचोच्या आणि त्याची वेल



परवा लागणीची पाहणी करताना बांधावरच्या घाणेरीवर एक इवलासा पक्षी थरथरत होता. एका सभासदाचा मुलगा म्हणाला, "साहेब, हमिंगबर्ड!" तो आपला शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतो. पण विषय निघालाच आहे, तर त्यातल्या एका अजब जातीची माहिती देतो.

दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत अँडीज पर्वताच्या उतारांवर, साधारण अडीच ते साडेतीन हजार मीटर उंचीवर, बारमाही ढगांत बुडालेली जंगले आहेत. (आपले कळसूबाई 1646 मीटर.) तिथे हा तलवारचोच्या राहतो. वजन अदमासे बारा ग्रॅम आणि चोच आठ-दहा सेंटिमीटर! शेपूट सोडली तर अंगापेक्षा चोच लांब. त्या चोचीने पिसे साफ करता येत नाहीत, म्हणून बिचारा पायानेच अंग खाजवतो. बसला की चोच आभाळाकडे धरतो.

एवढी चोच कशाला? तर तिथे आपल्या कृष्णकमळाच्या कुळातल्या वेली आहेत. त्यांच्या फुलांची नळी चोचीएवढीच लांब आणि मध अगदी तळाशी. आमचा चिटबॉय जसा ठरलेल्या वाटेने प्लॉट फिरतो, तसा हा एकेका वेलीवरून फिरतो. मध पिताना डोक्याला पराग लागतात, ते पुढच्या फुलाला पोचतात. काही चोरटे पक्षी मात्र फुलाच्या बुडाला भोक पाडून मध पळवतात, परागीभवन काहीच करीत नाहीत. उसाच्या ट्रॉलीमागे धावणारी पोरे आठवली ना?

आता गंमत बघा. हमिंगबर्डच्या फुलांतल्या मधात मुख्यतः सुक्रोज असते, म्हणजे आपल्या उसातलीच साखर. शास्त्रज्ञ तिचा ब्रिक्स आपल्यासारखाच हँड रिफ्रॅक्टोमीटर लावून बघतात, आणि तो बहुधा वीस-पंचवीसच्या आसपास येतो. पक्व उसाच्या रसाशी तुलना करून पाहा.

या वेलींतल्या एका जातीचा इक्वेडोरमध्ये अभ्यास झाला, तो 2001 साली प्रसिद्ध झाला. तिचे परागीभवन हा एकच पक्षी करतो असे आढळले. पक्ष्याचे तसे नाही. वेल नसली तर तो धोतऱ्याच्या नात्यातल्या झाडांची लांब फुले धुंडाळतो. वेलीला दुसरा आधार नाही. कुरणांसाठी आणि शेतीसाठी तिथले जंगल तुटते आहे. तुटक राहिलेल्या ज्या तुकड्याकडे तलवारचोच्या फिरकणार नाही, तिथली वेल फुलेल, पण फळ धरणार नाही.