अवधानन्यूनतेचे विलंबित निदान आणि वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश

'अवधानन्यूनता' हा शब्द मराठीत अद्याप रुळलेला नाही; रुळलेला शब्द आहे 'धांदरटपणा'. दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच मुलास उद्देशून वापरले जातात. परंतु पहिला शब्द एका विकाराचे नाव आहे, तर दुसरा स्वभावावर ठेवलेला ठपका आहे. हा ठपका वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी दूर झाला, म्हणजे विकार उशिरा ओळखला जाऊन उपचार सुरू झाले, तर तोवर हातून निसटलेल्या वैद्यकीय शिक्षणाचे दार पुन्हा उघडते काय, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले यंत्रमागांचे गाव. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसविला आणि कालांतराने तो व्यवसाय आसपासच्या गावांत पसरला. या विकाराचे स्वरूप समजण्यास त्याच मागाचा एक भाग उपयोगी पडतो. आडवा धागा तुटला की एक लहानसा काटा ते ताडतो आणि माग आपोआप थांबतो. तो काटा बिघडला तर माग बंद पडत नाही. तो त्याच वेगाने, त्याच आवाजात चालत राहतो, फक्त कापड विणले जात नाही. पुस्तकापुढे तीन तास बसलेल्या अवधानन्यून विद्यार्थ्याची स्थिती याहून फारशी निराळी नसते. लक्ष सर्वांचेच सुटते. ते सुटले आहे हे वेळीच कळून परत आणण्याची जी यंत्रणा, तीत येथे उणीव असते. मात्र हा दृष्टान्त फार ताणता येणार नाही. आवडीच्या कामात हाच विद्यार्थी तासन्‌तास गढून जातो, आणि म्हणूनच 'बुद्धी आहे, पण मनावर घेत नाही' असा शेरा त्याच्या वाट्यास येतो.

लंडन येथील वैद्यांपुढे जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन आढळते. तेथेही दोष नैतिक नियंत्रणाचाच मानला होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात अवधानाची न्यूनता हे नाव 1980 मध्ये आले. 2013 च्या आवृत्तीत लक्षणे बारा वर्षांपूर्वी दिसलेली असावीत असे ठरले (तत्पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती), आणि सतरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तीस सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली. निदान उशिरा झाले तरी विकार उशिरा जडलेला नसतो, हा या अटीचा अर्थ होय. त्यामुळे प्रौढ वयात तपासणीस जाणाऱ्याकडे बालपणाचा पुरावा मागितला जातो. प्राथमिक शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकातील शिक्षकांचे शेरे, जे घरात कोणी जपून ठेवलेले नसतात, ते अशा वेळी मोलाचे ठरतात. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसणारी मुले, विशेषतः मुली, या निदानातून अधिक निसटतात. त्यांची कोणाला अडचण होत नाही.

आता प्रवेशाकडे वळू. अमेरिकेतील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालयांच्या समाईक अर्जात महाविद्यालयीन शिक्षणातील प्रत्येक विषयाचे गुण, पुन्हा दिलेल्या विषयाचे जुने गुणसुद्धा, मोजले जातात. मात्र त्यासोबत निवेदन लिहिण्यास जागा असते आणि पुढे मुलाखतही असते. उशिरा उपचार मिळालेल्या अर्जदारापुढे तेथे प्रश्न पडतो तो आपली हकीकत किती सांगावी याचा. भारतात हा प्रश्न उद्‌भवतच नाही. येथे हकीकत कोणी विचारीत नाही. बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांतील पात्रता पूर्ण असली की पूर्वेतिहास संपला. पुढील गुणवत्ताक्रम केवळ राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेच्या, अर्थात 'नीट'च्या गुणांवर लागतो. किमान वय 17 वर्षांचे आहे. कमाल वयाची अट काही काळ 25 वर्षांची (राखीव वर्गांसाठी 30) होती, ती 2022 मध्ये उठविण्यात आली. तेव्हा बारावीस 55 टक्के मिळवून अन्य शाखेकडे गेलेला व तेविसाव्या वर्षी उपचार सुरू झालेला कबनूरचा तरुण नियमाने अपात्र ठरत नाही. एका बाजूस मिरजेचे 1962 पासूनचे आणि दुसऱ्या बाजूस कोल्हापूरचे 2000 पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या वाट्याच्या 85 टक्के जागांसाठी तो रीतसर उमेदवार असतो.

ही पद्धती एका अर्थी दयाळू आहे, कारण ती भूतकाळ विसरते. परंतु ज्या कसोटीवर ती सारा भार टाकते ती कसोटी नेमकी अवधानाचीच आहे. 2025 च्या परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरामागे एक गुण वजा. येत असलेल्या प्रश्नातील 'नाही' हा शब्द नजरेतून सुटला तर चार नव्हे, पाच गुणांचे अंतर पडते. अशा वीस चुका म्हणजे 720 पैकी शंभर गुण. आणि त्या चुका अज्ञानाच्या नसतात.

याच ठिकाणी वाढीव वेळेचा प्रश्न येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या अधिनियमातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययनअक्षमता व मानसिक आजार यांचा समावेश आहे. अवधानन्यूनतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. ज्याला सोबत वाचन-लेखनाची अक्षमताही आहे त्याचा मार्ग तुलनेने सोपा. ज्याला केवळ अवधानन्यूनता आहे त्याला कोणत्या तरी अन्य प्रकारात बसवून घ्यावे लागते. ही कायद्यातील उघड त्रुटी आहे. लेखनअक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीस 2021 च्या नीटमध्ये वाढीव तास नाकारला गेला; ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये परीक्षायंत्रणेची चूक ठरविली व झालेला अन्याय दूर करण्याचा विचार करण्यास सांगितले; फेरपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाही. यावरून एवढे स्पष्ट व्हावे की प्रमाणपत्र व त्याखालील सवलत यांचा निकाल परीक्षेपूर्वीच लावून घ्यावा लागतो.

राखीव जागांचा विषय याहून वेगळा. वैद्यकीय परिषदेच्या 2019 च्या परिशिष्टात 40 टक्क्यांहून अधिक मानसिक आजार असणाऱ्यांची शिफारस केलेली नव्हती. कारण मोजमापाचे वस्तुनिष्ठ साधन नाही. पुढे ओंकार गोंड या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या प्रकरणात (वाचा व भाषा यांची सुमारे 45 टक्के दिव्यांगता) सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये निर्णय दिला की टक्केवारी हे स्वतः अपात्रतेचे कारण नव्हे. विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, हे मंडळाने तपासले पाहिजे. अवधानन्यूनतेविषयी तो निर्णय नाही, परंतु त्याचे तत्त्व तिलाही लागू पडण्यासारखे आहे.

औषधाची बाजू थोडक्यात. मेथिलफेनिडेट हे प्रमुख औषध परिशिष्ट 'एक्स'मध्ये मोडते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते व विक्रेत्यास वेगळा परवाना लागतो, म्हणून ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिनवर हे निर्बंध नाहीत, पण त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे जातात. परीक्षेच्या महिनाभर आधी उपचार सुरू करून फळाची अपेक्षा धरणे म्हणूनच व्यर्थ. शिवाय औषधाने लक्ष टिकते. सुटलेली दोन वर्षांची रसायनशास्त्राची उजळणी ते करून देत नाही.

प्रवेशानंतर कसोटी बदलते. 2023 च्या नियमांनुसार प्रथम वर्षाच्या परीक्षेस चारच संधी मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. नीट कितीही वेळा देता येते, शरीररचनाशास्त्राची परीक्षा तशी देता येत नाही. यास्तव वसतिगृहात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्या शहरातील मनोविकारतज्ज्ञ, औषधाचा परवाना असलेले दुकान आणि महाविद्यालयाला द्यावयाचे प्रमाणपत्र या तिहींची सोय लावलेली असणे आवश्यक ठरते.