लग्न लासूरला, संसार न्यू जर्सीत!

हातावरची मेंदी अजून उतरलेली नसते आणि डोक्यात व्हिसाची तारीख सुरू होते. हनिमूनचे फोटो नंतर, आधी मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स! लग्न झाल्या झाल्या परदेशात संसार मांडणाऱ्या जोडप्यांच्या बॅगेत काय असतं, काय राहून जातं, त्याची ही गोष्ट.

बॅगेचं वजन करायला घरात काटा नव्हता. मग काय, दोन्ही बॅगा टेम्पोत घातल्या आणि थेट मावसाजींच्या आडतीवर नेल्या. जिथे एरवी कांद्याच्या गोण्या तोलतात, त्या काट्यावर माझ्या मावसबहिणीचा अख्खा संसार चढला. पहिली बॅग २६ किलो. एअरलाइनची मर्यादा २३! हमालांनी आपापली मतं दिली, दिवाणजींनी हिशेब केला आणि शेवटी तीन किलो काळा मसाला, येसर आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर आली. मावशीचे डोळे तेव्हाच भरले. विमानतळावर रडायचं ते तिने आडतीवरच रडून घेतलं.

हे लासूर स्टेशन. छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे निघालात की दौलताबाद, पोटूळ आणि मग लासूर. निजामाच्या काळात रेल्वे आली, स्टेशनाभोवती बाजार वाढला आणि गावाच्या नावातच 'स्टेशन' येऊन बसलं. शिवना नदीकाठची दाक्षायणी देवी, कांद्याचा बाजार आणि शहरात नोकरीला जाणारी तरुण पोरं-पोरी... अशा गावातून २०२५च्या फेब्रुवारीत एक लग्न लागलं आणि मे महिन्यात नवरी एकटीच, रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून अमेरिका गाठायला निघाली. नवरा? तो लग्नानंतर दहाव्या दिवशीच परत गेला होता. रजाच एकूण तीन आठवड्यांची!

'मी दिवसभर करू काय?'

माझी ही बहीण बी. फार्म. झालेली. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. सकाळी साडेसहाला घराबाहेर, संध्याकाळी सातला घरात. पगार फार नव्हता, पण स्वतःचा होता. स्कूटी तिची, एलआयसी तिची, धाकट्या भावाची फी तिची. लग्नाच्या आदल्या रात्री, सगळे मेंदीच्या गाण्यांत रंगलेले असताना, गच्चीवर तिने मला हळूच विचारलं, ''अगं, सगळं ठीक आहे, पण मी तिकडे दिवसभर करू काय?''

प्रश्न साधा वाटतो ना? पण लग्नाच्या बोलाचालीत तो कुणीच विचारला नव्हता. मुलाचं पॅकेज विचारलं, घर भाड्याचं की स्वतःचं विचारलं, तो नॉनव्हेज खातो का हेही विचारलं. पण 'आमची मुलगी तिथे नोकरी करू शकेल का?' हे राहून गेलं.

उत्तर असं आहे. नवरा एच-१बी व्हिसावर असेल तर बायकोला मिळतो एच-४. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. कामाची परवानगी, म्हणजे ज्याला तिकडे सगळे 'ईएडी' म्हणतात, ती काही एच-४ जोडीदारांना २६ मे २०१५पासून मिळू लागली. अट साधारण अशी, की नवऱ्याच्या ग्रीनकार्डच्या प्रक्रियेतला कंपनीने केलेला अर्ज मंजूर झालेला हवा. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाची ती फाईल बहुतेक वेळा उघडलेलीसुद्धा नसते. म्हणजे वर्ष-दोन वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. आणि तो नंबर नसला की साध्या साध्या कामांतही अडायला होतं.

इकडे जिच्या सहीशिवाय औषधाची बॅच पुढे जात नव्हती, तिच्या कागदांवर तिकडे एकच शब्द. डिपेंडंट. म्हणजे अवलंबून!

वहिनींची सात वर्षं

आमच्या नात्यातल्या एक वहिनी २००८ला अशाच गेल्या. इंजिनिअर होत्या, पुण्यात नोकरी होती. मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला तेव्हा त्या हसतच म्हणाल्या, ''सात वर्षं मी लोकांना सांगत होते, सध्या ब्रेक घेतलाय. ब्रेक मी घेतला नव्हता गं, तो मला दिला होता.''

पहिले सहा महिने मजेत गेले. नवं घर, नवा मिक्सर, वीकेंडला फिरणं. मग थंडी आली. डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारलाच अंधार पडतो. नवरा सातला येणार. गाडी चालवता येत नाही आणि गाडीशिवाय दुधाची पिशवीसुद्धा आणता येत नाही. ''एकदा फोडणी जरा जास्त झाली आणि स्मोक अलार्म वाजला. अख्ख्या बिल्डिंगमधली माणसं बाहेर आली. खरं सांगू? मला आधी आनंदच झाला. म्हटलं, चला, माणसं तरी दिसली!''

विनोद म्हणून सांगितलं त्यांनी, पण मला काही हसता आलं नाही. नवऱ्याकडे पैसे मागायची लाज वाटायची. तो कधी नाही म्हणत नव्हता, पण मागावं लागायचंच. माहेरी फोनवर 'मस्त चाललंय' म्हणायचं, कारण आईबाबांनी कर्ज काढून लग्न केलेलं. २०१५नंतर परवानगी मिळाली, आज त्या नोकरी करतात. पण सात वर्षांची भोकं असलेला बायोडेटा घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागली.

त्यांनी माझ्या बहिणीला एकच सल्ला दिला. ''साड्या कमी ने. प्रश्न जास्त ने. आणि ते विमानात बसायच्या आधी विचार.''

आणि त्याचं काय?

आता तुम्ही म्हणाल, सगळा दोष नवऱ्याचा. थांबा जरा! आमचे जावई मूळचे वैजापूरकडचे. अमेरिकेत चार वर्षं तिघा मित्रांबरोबर खोली शेअर करून राहिलेले. फ्रोझन पराठे खाऊन, शिक्षणाचं कर्ज फेडून नुकते मोकळे झालेले. त्यांनाही भीती होतीच. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर देश सोडायचा किंवा दुसरा व्हिसा बघायचा. आणि बायकोचा व्हिसा त्याच्या व्हिसावर उभा. त्याचा पाय घसरला की दोघांच्या बॅगा भरायच्या!

''एकटा होतो तेव्हा या आकड्याचं काही वाटत नव्हतं,'' ते मला म्हणाले. ''लग्न ठरलं आणि झोपेत ६० दिसायला लागलं.'' हे त्यांनी तिला मात्र सांगितलं नव्हतं. 'उगाच घाबरेल,' म्हणून. आणि तिनेही नोकरीचं मनातलं त्यांना सांगितलं नव्हतं. 'उगाच वाईट वाटेल,' म्हणून. रोज रात्री दोन-दोन तास व्हिडिओ कॉल चालायचा, पण बोलायचं तेवढं राहून जायचं. आता बोला!

वहिनींच्या फोननंतर मात्र तो कॉल झाला. तिने वहीत प्रश्न लिहून घेतले होते. ग्रीनकार्डची प्रक्रिया कंपनी कधी सुरू करणार? जॉइंट अकाउंट कधी उघडायचं? माझा पासपोर्ट कुणाकडे राहणार? ड्रायव्हिंगचा क्लास लावायचा का? कोर्स करायला पैसे आहेत का? आणि शेवटचा प्रश्न, दोन वर्षांत मला काम मिळालं नाही तर आपण परत येण्याचा विचार करायचा का?

शेवटच्या प्रश्नावर पलीकडे बराच वेळ शांतता होती म्हणे. मग ते म्हणाले, ''विचार करू. नक्की करू. पण दोघं मिळून.'' नोकरीचा राजीनामा तिने व्हिसा हातात पडल्यावरच दिला. त्याआधी नाही. मावसाजींना ते पटलं नव्हतं, पण ती हटली नाही.

लासूर ते बीकेसी

कागदांची वारी हा एक वेगळाच सोहळा. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत, नमुना 'ड'चा अर्ज, नमुना 'ई'चं प्रमाणपत्र. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्यानुसार ही नोंद ९० दिवसांत करायची असते. नावाच्या एका वेलांटीने व्हिसा अडू शकतो, त्यामुळे माझ्या बहिणीने प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग पासपोर्टशी पाच वेळा ताडून पाहिलं. आडनाव बदललं नाही. ''आधीच सगळं बदलतंय, नाव तरी ओळखीचं राहू दे,'' ती म्हणाली. मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. लग्नाचा अल्बम काखेत मारून गेलेली ती तीन मिनिटांत बाहेर आली. अल्बम कुणी उघडलासुद्धा नाही!

सगळ्याच देशांत अमेरिकेसारखं नसतं, हेही सांगायला हवं. जर्मनीत ब्लू कार्डवरच्या माणसाच्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अटही नसते. कॅनडाने मात्र २१ जानेवारी २०२५पासून जोडीदाराच्या वर्क परमिटचे नियम कडक केले. म्हणजे 'फॉरेन' हा एक देश नाही. स्थळ बघताना शहर विचारता, तसा व्हिसाचा प्रकारही विचारा!

हुकलेला दिवाळसण

मेमध्ये ती पोचली. रात्री साडेआठपर्यंत उजेड, ओक ट्री रोडवर कोथिंबिरीची जुडी आणि मराठी मंडळाचा कार्यक्रम. सगळं छान चाललं होतं. लासूरला दिवाळसणाची तयारी सुरू झाली. जावयाचा पहिला सण! मावशीने जावयासाठी अंगठीसुद्धा करून घेतली. ऑक्टोबरची तिकिटं काढलेली.

आणि १९ सप्टेंबर २०२५ला बातमी आली. नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क! अंमल दोनच दिवसांत. अनेक कंपन्यांनी लोकांना सांगितलं, देशाबाहेर असाल तर लगेच परत या, आत असाल तर बाहेर जाऊ नका. हे शुल्क आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही, असा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. पण भीती बसायची ती बसली. तिकिटं रद्द झाली. पुढे डिसेंबरात सोशल मीडियाच्या तपासणीचा नियम आला, भारतातल्या कित्येक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. मायदेशी येऊन अडकलेल्यांच्या गोष्टी ऐकल्यावर आपलं चुकलं नाही असं दोघांना वाटलं. पण मावशीला ते कोण समजावणार? तिने पाडव्याला फोनच्या स्क्रीनला ओवाळलं. अंगठी अजून कपाटात आहे.

त्या रात्री बहीण पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. आणि तिच्या नवऱ्याने तिला पहिल्यांदा त्या साठ दिवसांबद्दल सांगितलं. ''लग्न फेब्रुवारीत झालं,'' ती मला म्हणाली, ''पण संसार त्या रात्री सुरू झाला बघ.''

त्या आधीही एक गेली होती...

गंमत म्हणजे न्यू जर्सी मराठी मुलीला नवं नाही. १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजात बसलेली अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचली आणि राहिली ती न्यू जर्सीतल्या रोझेलमध्ये, कार्पेंटर कुटुंबाकडे. नवरा गोपाळराव मागे भारतातच होते. १८८६मध्ये ती डॉक्टर झाली, पण १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात तिचं निधन झालं. तेव्हा पत्र पोचायला आठवडे लागायचे. आज व्हिडिओ कॉल आहे, मराठी शाळा आहेत, १९८१पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. तरी बंद दाराआडचा एकटेपणा तोच. आणि कधी दारामागे त्याहून वाईटही असतं. पासपोर्ट काढून घेणं, फोन तोडणं, मारहाण. अशा वेळी जायला जागा आहेत. न्यू जर्सीतच १९८५पासून 'मानवी' ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगात २००९पासून एनआरआय कक्ष आहे. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक २०१९मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगानेही सर्वंकष कायद्याची शिफारस केली. पण कायदा होईल तेव्हा होईल, आपली काळजी आधी आपण घ्यायची.

आता काय चाललंय?

परवा तिचा फोन आला. इकडे रात्रीचे आठ, तिकडे सकाळचे साडेनऊ. मावसाजींनी आडतीवर दुसरं घड्याळ लावलंय, न्यू जर्सीचं. मार्चमध्ये तिकडची वेळ एक तास पुढे सरकली की घड्याळ बिघडलं म्हणतील, अशी माझी पैज आहे!

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये एक कोर्स धरलाय. नवऱ्याच्या कंपनीत ग्रीनकार्डची फाईल 'बघू'वर आहे. काम नाही, हे तिला टोचतं. ते ती लपवत नाही आणि तोही ऐकून घेतो. कॅलेंडरवर २०२७च्या मे महिन्याला दोघांनी मिळून गोल केलाय. त्या दिवशी पुन्हा बसायचं आणि ठरवायचं. राहायचं की परतायचं.

''आणि मसाला?'' मी विचारलं.

''तो संपला गं. आईला सांग, येणारं कुणी असेल तर तेवढा पाठव. तीन किलो राहिलाय ना काट्याखाली!''

बॅग भरण्याआधी...

• व्हिसाचा प्रकार आणि त्यावर नोकरी करता येते का, हे साखरपुड्याआधी विचारा. लाजू नका!

• विवाहनोंदणी लगेच करा. पासपोर्ट, दाखला आणि डिग्रीवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळू द्या.

• कागदांवर शिक्के कोणते हवेत ते देशावर ठरतं. भारताची अपोस्टिल जर्मनीत चालत नाही, तिथे वेगळी पडताळणी असते.

• पासपोर्ट, व्हिसा आणि डिग्रीच्या प्रती स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मूळ पासपोर्ट स्वतःकडे.

• भारतातलं स्वतःचं बँक खातं बंद करू नका, एनआरओमध्ये बदलून घ्या. परतीच्या तिकिटाएवढे पैसे त्यात राहू द्या.

• ईएडी मिळाली तरी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत करा. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीपासून अर्जानंतर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे.

• दोन शेजाऱ्यांचे नंबर आणि अमेरिकेत असाल तर ९११ पाठ असू द्या.