पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायची?

विहारातली बैठक संपली की एखादी ताई मागं रेंगाळते. "सिस्टर, अंगावरून पांढरं जातंय. पिशवी काढायला सांगितलीय." गंगाखेडच्या वस्त्यांत आम्ही हे इतक्यांदा ऐकलं, की आता हा विषय सगळ्यांसमोरच काढतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या तालुक्यातूनही कोयते जातात, म्हणून हा आकडा ध्यानात ठेवा.

पांढरं जाण्याचा त्रास बहुतेक वेळा योनीमार्गातल्या जंतूंचा असतो, पिशवीचा नव्हे. पिशवी काढली तरी योनीमार्ग राहतोच, तिथं पुन्हा संसर्ग होऊ शकतो. सोबत अंडाशयही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात.

थोडं पातळ, बिनवासाचं पाणी सगळ्यांनाच जातं. तो आजार नाही. दह्यासारखं घट्ट जातं, खूप खाज सुटते, आग होते, ती बहुधा बुरशी. साखरेचा आजार असला तर ती जास्त होते. राखाडी, मासळीच्या वासाचं जात असेल तर आतले चांगले जंतू कमी होऊन वाईट वाढलेले असतात. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर तो संसर्ग संबंधातून येतो. तिथं नवऱ्यानंही गोळ्या घ्यायच्या. गाडी इथंच अडते. "मला कुठं काय होतंय?" म्हणतात. पुरुषाला त्रास नसला तरी जंतू असतात, आणि बरी झालेली बायको पुन्हा आजारी पडते.

या तिन्हींवर गोळ्या आहेत. सरकारी दवाखान्यात तपासून हिरव्या पाकिटातल्या गोळ्या फुकट देतात. दिवस गेले असतील तर आधी सांगा. ओटीपोटात दुखून ताप येतोय, संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त दिसतंय, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आत साबण, डेटॉल घालू नका. चांगले जंतू मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे. पाळीची कापडं लाजून साडीखाली वाळवू नका, उन्हात टाका.

हे सांगताना आम्हालाच कसंतरी होतं. फडावर पाणी नाही, न्हाणीला आडोसा नाही, आणि आम्ही स्वच्छता शिकवतो! मुकादमाशी उचल ठरवताना पाण्याचं, आडोशाचंही बोलून घ्या.

ऑपरेशनची चिठ्ठी मिळाली असेल तर ती घेऊन पौर्णिमेच्या बैठकीला या. दुसऱ्या डॉक्टरकडे आम्ही सोबत येतो.