विहिरीचा उपसा थांबवला, तर भरपाई कुणाला?

हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरोबर ना' मी बरेचसे काढलेत, काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून सुचला. वरूडकडचा आहे, घरची संत्र्याची बाग आहे. त्याने विचारलं, "शेत आपलं, बोअरला पैसे आपले. सरकार ती बंद करू शकतं का? आणि केलीच, तर पैसे देतं का?"

मला वाटलं दहा मिनिटांत उत्तर देऊन मोकळा होईन. पण कायदे वाचायला बसलो आणि लक्षात आलं, या प्रश्नाच्या पोटात अजून एक प्रश्न आहे जो त्याने विचारलाच नाही. बोअर बंद झाली म्हणून नुकसान झालेला शेतकरी एक. आणि शेजाऱ्याने खोल बोअर मारल्यामुळे ज्याची विहीर आटली, तो दुसरा. दोघंही जमीनमालक, दोघंही बाधित. कायदा भरपाईबद्दल बोलतो तेव्हा यातल्या कुणाबद्दल बोलतो?

आधी मुळाशी जाऊ. जमिनीखालचं पाणी कुणाचं? नदीचं पाणी सरकारच्या अखत्यारीत, हे आपल्याला माहीत असतं. विहिरीचं मात्र आपण 'माझं' म्हणतो. ही नुसती सवय नाही, त्याला कायद्याचा आधार आहे. १८८२ चा ईझमेंट ॲक्ट सांगतो की ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं, म्हणजे असंच जमिनीत मुरलेलं पाणी, आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि वापरायचा हक्क जमीनमालकाला आहे. किती वापरायचं, याला तिथे आकडा नाही.

ही कल्पना आली इंग्लंडच्या कोर्टांतून. त्यातला एक खटला मला फार आवडतो. लंडनजवळ क्रॉयडन नावाचं गाव, तिथे वँडल नदीवर चॅसमोर नावाच्या माणसाची पाणचक्की होती. साठ वर्षांहून जास्त काळ ती नदीच्या पाण्यावर चालत होती. मग गावाच्या आरोग्य मंडळाने लोकांना पाणी पुरवायला एक मोठी विहीर खणली आणि उपसा सुरू केला. जे पाणी जमिनीतून झिरपत नदीला मिळायचं, ते वाटेतच विहिरीत जायला लागलं आणि चक्कीचं पाणी कमी झालं. चॅसमोर कोर्टात गेला. १८५९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की त्याला काहीही मिळणार नाही. जमिनीखालून झिरपणारं पाणी कुठून कुठे जातं हे कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्यावर शेजाऱ्याचा हक्क धरता येत नाही, असा साधारण सूर.

बघा हं, उपसा करणारं मंडळ होतं, लोकांना पिण्याचं पाणी देत होतं, आणि नुकसान झालेल्याला शून्य. आपल्याकडे आलेला नियम हाच. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर सगळे एकाच मेमरीवर लिहितायत आणि लॉक कुणीच लावलेला नाही. ज्याची मोटर मोठी, त्याचं पाणी.

महाराष्ट्रात हे जास्तच टोचतं, कारण आपला दगड. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसाल्टचा आहे. गंगेच्या खोऱ्यात वाळूचे जाड थर असतात, पाणी सगळीकडे पसरलेलं. आपल्याकडे पाणी असतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. साठा मुळातच थोडा. दोन शेजारी विहिरी एकाच भेगेवर असू शकतात, आणि शंभर फुटांवरची तिसरी विहीर त्यांच्याशी काही संबंध नसलेली. म्हणूनच तर अजून पाणाड्याला बोलावतात, नारळ हातावर उभा राहतो का बघायला! (यावर मत विचारू नका, मामा हा भाग ऐकतात.)

आता कायद्याकडे. पाणी हा विषय राज्यसूचीत, नोंद १७. म्हणून राज्याने स्वतःचा कायदा केला, १९९३ साली. नाव लांबलचक आहे, मतितार्थ असा: भूजलाच्या उपशाचं नियमन, पण पिण्याच्या पाण्यासाठी. गावाच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. टंचाई जाहीर झाली तर जिल्हाधिकारी १ किलोमीटरच्या आतल्या खासगी विहिरींच्या उपशावर निर्बंध घालू शकतात. पाणलोट क्षेत्र अतिशोषित ठरलं तर बंधनं अजून कडक, अगदी विहीर कायमची बंद करण्यापर्यंत.

आणि भरपाई? होती! बंदीमुळे शेतातलं उभं पीक गेलं तर त्या पिकाची, विहीर कायमची बंद केली तर विहिरीची. म्हणजे आपल्या श्रोत्याच्या दोन्ही प्रश्नांना १९९३ च्या कायद्याने 'हो' म्हटलं होतं.

मला हा कायदा वाचताना वाईट वाटलं नाही, उलट बरा वाटला. हक्क काढून घेतोय तर मोबदला देतोय. पण मग तो गावात दिसला का नाही? दर उन्हाळ्यात आपल्याला दिसतो तो टँकर, आणि दिसतं ते विहीर अधिग्रहण. तहसीलदार एखाद्याची पाणी असलेली विहीर गावासाठी ताब्यात घेतात आणि मालकाला मोबदला देतात. हे चालतं, कारण यात कुणाला रोखायचं नसतं. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला पैसे मिळतात, गावाला पाणी मिळतं. उपसा थांबवणं वेगळं. त्यासाठी आधी कुणीतरी तक्रार करायला हवी. ग्रामपंचायतीने कुणाविरुद्ध करायची? त्याच गावातल्या, त्याच भावकीतल्या माणसाविरुद्ध, ज्याच्या पोराच्या लग्नाला पुढच्या महिन्यात जायचंय. कधीकधी ५०० मीटरच्या आतली ती विहीर सरपंचाचीच असते. बरं, तक्रार झाली आणि बंदी आलीच, तर भरपाई सरकारी तिजोरीतून. म्हणजे अधिकारी जितका कायदा पाळणार, तितका खर्च वाढणार. काहीच न केलं तर खर्च शून्य. अशी सिस्टीम डिझाइन केली तर तिचं काय होणार, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

शिवाय 'उभं पीक' हा शब्द. ज्वारी, कांदा असेल तर ठीक आहे, एका हंगामाचा हिशेब. पण वरूड-मोर्शीकडे संत्रं आहे. झाड लावल्यापासून चांगलं फळ द्यायला पाच-सहा वर्षं जातात. मे महिन्यात दोन महिने पाणी तोडलं तर फळ जाईलच, झाडही जाईल. त्या झाडाची पुढची दहा वर्षं 'उभ्या पिकात' कशी मोजायची? आणि दुसरीकडे पाहिलं तर याच पट्ट्यात बोअर खोल खोल जात राहिल्या म्हणूनच तो अतिशोषित ठरला. जळगावकडे यावल-रावेरला केळीचं असंच. म्हणजे बाग वाचवणारा आणि पाणी संपवणारा माणूस एकच. मला यातला कुठलाच शेतकरी खलनायक वाटत नाही, पण पाणी तर संपतंच.

पुढचा कायदा २००९ चा, जुन्याच्या जागी आलेला. राष्ट्रपतींची संमती वगैरे होऊन तो लागू झाला २०१४ च्या जूनमध्ये. यात दृष्टी बदलली. सगळ्या विहिरींची नोंदणी, बोअर मारणाऱ्या रिगचीही नोंदणी, ६० मीटर म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधन. अधिसूचित क्षेत्रात आधीपासून इतकी खोल विहीर असेल तर तिच्या उपशावर उपकर लावायची सोय. लक्षात आलं का? १९९३ मध्ये उपसा थांबवला तर सरकार मालकाला पैसे देणार होतं. आता खोल उपशाचे पैसे मालकाने द्यायचे. मधल्या काळात कायद्याच्या मनातलं 'पाणी कुणाचं' याचं उत्तर सरकलंय. पाणी पूर्ण तुमचं असेल तर थांबवणाऱ्याने मोबदला द्यायचा. सगळ्यांचं असेल तर जास्त घेणाऱ्याने.

या कायद्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये आला तेव्हा हरकतींचा पाऊस पडला, आणि ते साहजिक होतं. २०० फुटांवर पाणी नाही म्हणून तर लोक पाचशे फुटांवर गेलेत. आणि मोजणार कसं? आपल्याकडे लाखो कृषिपंपांना मीटरच नाही, विजेची आकारणी होते मोटरच्या हॉर्सपॉवरवर. दिवसाला दोन तास चालवा नाहीतर आठ तास, आकडा तोच. लॉगच नसेल तर उपकर कशावर आणि भरपाई कशावर?

आता तो दुसरा माणूस, ज्याची विहीर आटली. त्याला भरपाई देण्यासाठी कायदा करायचा देशातला ठळक प्रयत्न झाला केरळमध्ये. म्हणून थोडं दक्षिणेला जाऊ.

पालक्काड जिल्ह्यातलं प्लाचीमाडा. पेरुमाट्टी पंचायतीत कोकाकोलाचा कारखाना २००० च्या आसपास सुरू झाला, भूजलावर चालणारा. दोनेक वर्षांत आसपासच्या लोकांनी, त्यात बरेच आदिवासी, तक्रार केली की विहिरींचं पाणी खाली गेलं आणि उरलेलं पिण्यालायक राहिलं नाही. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २००२ मध्ये फाटकासमोर आंदोलन सुरू झालं, मयिलम्मा नावाची आदिवासी बाई त्याचा चेहरा झाली. पंचायतीने परवाना नूतनीकरण नाकारलं. डिसेंबर २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी म्हटलं की भूजल ही लोकांची संपत्ती, सरकार तिचं विश्वस्त, आणि जमीन घेतली म्हणून एवढा उपसा करता येणार नाही. २००५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दिशा उलटवली. जमीनमालकाला वाजवी उपसा करता येतो म्हणत दिवसाला ५ लाख लिटरपर्यंत मुभा दिली. कायदा तोच, राज्य तेच, कोर्टही तेच, आणि 'पाणी कुणाचं' याची दोन उत्तरं!

कारखाना २००४ च्या मार्चपासून बंदच होता. मग राज्य सरकारने उच्चाधिकार समिती नेमली. तिने २०१० मध्ये नुकसानीचा अंदाज दिला, २१६ कोटी रुपये. त्यातले सुमारे ८४ कोटी शेतीचे, बाकी पाण्याचं प्रदूषण, आरोग्य, बुडालेली मजुरी, लांबून आणावं लागलेलं पाणी. फेब्रुवारी २०११ मध्ये केरळ विधानसभेने विधेयक मंजूर केलं: खास लवाद नेमायचा, त्याने एकेकाचा दावा तपासायचा आणि पैसे कंपनीकडून वसूल करायचे. म्हणजे क्रॉयडनच्या चॅसमोरला जे मिळालं नाही, ते द्यायची यंत्रणा.

विधेयक राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिथेच अडकलं. केंद्राचं म्हणणं, अशा भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवाद आधीच आहे, त्याच्या कायद्यावर हे अतिक्रमण होतं. संमती मिळाली नाही. २०१७ मध्ये कंपनीने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कारखाना पुन्हा सुरू करायचा नाही. पंधरा वर्षांच्या भांडणातून उपसा थांबला खरा, पण त्या विधेयकातून कुणाच्या हातात एक रुपया आला नाही.

तरी ते विधेयक मला महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे निदान समोर एकच मोठा उपसा करणारा होता. बोट कुणाकडे दाखवायचं हे स्पष्ट होतं. आपल्या गावात चाळीस बोअर असतात. तुमची विहीर आटली ती कुणामुळे? पाऊस कमी झाला म्हणून, की बांधापलीकडच्या बोअरमुळे? कुठलाही लवाद पहिलं हेच विचारणार, आणि उत्तराला नोंदी लागणार.

म्हणून ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी एक काम. प्रत्येक जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे, वरिष्ठ भूवैज्ञानिक बसतात. तुमचं गाव कुठल्या पाणलोटात येतं आणि तो सुरक्षित आहे की अतिशोषित, हे तिथे विचारा. ही यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याच महिन्यांत आपली विहीरही मोजायची. मोटर रात्रभर बंद ठेवायची, सकाळी दोरीला वजन बांधून सोडायचं, पाणी लागेपर्यंतची दोरी टेपने मोजायची. तारीख, आकडा आणि आसपास नवी बोअर कुठे, किती फूट झाली, एवढं लिहायचं. वहीत लिहिलं तर उत्तमच, नाहीतर तारखेसकट फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तरी चालेल.