आधी इंजिन कोणाचे ते सांगा

सोलापुरात ‘वालचंद’ म्हटले की आज इंजिनिअरिंग कॉलेज डोळ्यांपुढे येते. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते वालचंद हिराचंद दोशी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरात जन्मले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात मन रमेना म्हणून त्यांनी लक्ष्मणराव फाटकांबरोबर बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले आणि तिथून जे वर चढले ते बोटी, साखर, मोटारी असे करत थेट आकाशापर्यंत. भारतातला पहिला विमान कारखाना काढला तो या सोलापूरकराने, बंगळूरला, १९४० साली. आज त्याच कारखान्याला आपण एचएएल म्हणतो. त्यांच्या जन्मगावाहून गोव्याचे विमान सुरू व्हायला मात्र जून २०२५ उजाडला. त्याआधी विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली. तो वाद सोलापूरकरांना नव्याने सांगायची गरज नाही.

एचएएलची गोष्ट सांगायची ती एका प्रश्नाच्या अंगाने. लहान हवाई दलाने पुढचे लढाऊ विमान कोणते घ्यावे? मासिकांत आणि टीव्हीवर या प्रश्नाचे उत्तर वेग, पल्ला, रडार, क्षेपणास्त्रे यांचे कोष्टक मांडून देतात. कोष्टक खोटे नसते. पण पंचाऐंशी वर्षांत या कारखान्याला ज्याने दरवेळी अडवले, ते त्या कोष्टकाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते: इंजिन कोणाचे.

१९३९ साली पॅसिफिक ओलांडणाऱ्या क्लिपर विमानात वालचंद शेठना विल्यम पॉली नावाचा अमेरिकी सहप्रवासी भेटला. चीनमध्ये विमानांची जोडणी करून देण्याचा त्याचा धंदा होता. त्या ओळखीतून पुढचा सगळा व्यवहार उभा राहिला. मैसूर संस्थानाने जमीन आणि २५ लाख रुपये दिले, दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जोर लावला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ची नोंदणी झाली. काही महिन्यांत भारत सरकारही भागीदार झाले. त्या वर्षी भारतीय हवाई दल किती मोठे होते? एक स्क्वाड्रन. १९३३ साली चार वापिती विमानांवर सुरू झालेली. याहून लहान हवाई दल शोधून सापडणे कठीण.

कारखान्याने तीन विमाने घेतली: हार्लो हे शिकाऊ विमान, कर्टिस हॉक हे लढाऊ आणि व्हल्टी हे हल्ल्याचे बॉम्बर. ही निवड कोणी केली? खरे तर कोणीच नाही. पॉलीकडे चीनच्या व्यवहारातून जे मिळण्यासारखे होते ते आले. हॉक १९३९-४० मध्ये फ्रेंचांच्या हाती चांगले लढले होते, पण बंगळूरमध्ये पहिले हॉक उडाले ते जुलै १९४२ मध्ये, आणि तोवर जपानी झीरोपुढे ते जुने झाले होते. इंजिने अमेरिकेची, आराखडे अमेरिकेचे, सुटे भाग पेट्यांतून येणार. युद्ध पेटल्यावर पेट्या येणे दुरापास्त झाले. जपान बर्मात घुसला तसे सरकारने एप्रिल १९४२ मध्ये वालचंद शेठचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला. वालचंदांचे विमान बनवण्याचे स्वप्न असे दीड-दोन वर्षांत आटोपले. कारखाना तेवढा राहिला. युद्धानंतर काही काळ तिथे रेल्वेचे डबेही बनले.

हा कारखाना नुसत्या जोडणीतून बाहेर काढला तो डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. गटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा मराठी संशोधक सुरुवातीपासून एचएएलमध्ये होता. त्यांच्या आराखड्याचे एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले आणि पुढे पिढ्यान् पिढ्यांचे वैमानिक त्यावर शिकले. विमान देशी, इंजिन ब्रिटिश सिरस मेजर. शिकाऊ विमानात एवढ्याने अडत नाही.

लढाऊ विमानात अडते. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी बंगळूरला एचएफ-२४ मरुत घडवले. १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. आकार असा देखणा की आजही बघत राहावे. आराखडा ध्वनीच्या दुपटीकडे झेपावणारा होता, पण ज्या वाढीव ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर भिस्त होती, ते ब्रिटनने पूर्ण केलेच नाही. मग इजिप्तमध्ये बनत असलेले इंजिन बसवून पाहायला एक मरुत तिकडे पाठवले. तेही जमले नाही. शेवटी लहान ऑर्फियसवर १४७ मरुत बनली. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर ती चांगली लढली, पण ध्वनीच्या दुपटीची त्यांची हौस कधी पुरी झाली नाही. माझ्या मते भारतीय विमानउद्योगाची सगळ्यात महागडी चूक हीच: सांगाड्यावर पैसा ओतला आणि इंजिनावर हात आखडला.

मिग-२१ ची निवडही इंजिनाच्या मुद्द्यावरच ठरली. पाकिस्तानला अमेरिकी एफ-१०४ मिळाले होते. आपल्यापुढे तेच एफ-१०४, ब्रिटिश लाइटनिंग आणि सोव्हिएत मिग असे पर्याय होते. लाइटनिंग चढाईत जबरदस्त होते, तरीही १९६२ मध्ये मिग घेतले, कारण मॉस्को विमानाबरोबर ते आणि त्याचे इंजिन बनवण्याचा परवानाही द्यायला तयार होते. यातूनच १९६४ साली आपल्या नाशिकजवळ ओझरचा कारखाना उभा राहिला, इंजिनासाठी ओडिशात कोरापूट, उपकरणांसाठी हैदराबाद. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दोन कंपन्या एकत्र करून ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ झाली. ओझरमधून साडेसहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडली, मग मिग-२७, मग सुखोई-३०. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला तेव्हा हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रन २९ वर आल्या होत्या. मंजुरी ४२ ची आहे.

इंजिनवाला नको म्हणाला तर काय होते, याचे उदाहरण १९७८ सालचे. दूरवर मारा करणाऱ्या विमानाच्या स्पर्धेत जग्वार, मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगेन होते. व्हिगेन स्वीडिश, पण त्याच्या इंजिनाचे मूळ अमेरिकी प्रॅट अँड व्हिटनीकडे. अमेरिकेने व्हिगेन भारताला विकायला मनाई केली. स्वीडनला भारताशी काही वैर नव्हते, विकायची इच्छाही होती, उपयोग शून्य. आपण जग्वार घेतले आणि ते आजही उडते आहे. त्याआधी इक्वेडोरला इस्रायलचे कफीर हवे होते. त्यातही अमेरिकी इंजिन होते आणि १९७७ मध्ये कार्टर सरकारने ते रोखले.

आता आजच्या बाजारात येऊ. हलक्या लढाऊ विमानांत भारताचे तेजस, दक्षिण कोरियाचे एफए-५०, स्वीडनचे ग्रिपेन सी ही नावे पुन्हा पुन्हा येतात. तीन देश, तीन विमाने, तीन झेंडे. आणि तिन्हींच्या पोटात जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ इंजिन, किंवा त्याचा स्वीडिश अवतार. तेजसमध्ये त्याची ताकद सुमारे ८५ किलोन्यूटन, ग्रिपेनमध्ये ८० च्या आसपास, एफए-५० मध्ये ७८-७९. म्हणजे खरेदीदार कोणत्याही दारातून आत गेला तरी गल्ल्यावर बसलेला माणूस एकच, आणि तो वॉशिंग्टनला विचारल्याशिवाय पावती फाडत नाही. पाकिस्तान-चीनच्या जेएफ-१७ मध्ये रशियन आरडी-९३ आहे. तिथे गल्ला मॉस्कोचा.

मलेशियाने १८ हलकी विमाने घ्यायची ठरवली तेव्हा तेजस शर्यतीत पुढे असल्याच्या बातम्या आपल्याकडे उत्साहाने छापून आल्या. कागदावर तेजस सरस वाटत होते: मार्क-१ए ला नव्या धाटणीचे रडार, नजरेपलीकडे मारा करणारी क्षेपणास्त्रे. मे २०२३ मध्ये करार झाला तो कोरियाशी, सुमारे ९२ कोटी डॉलरचा. मलेशियाच्या जागी बसून पाहिले तर यात नवल वाटत नाही. एफए-५० फिलिपिन्स आणि इराकमध्ये उडत होते, पोलंडने एकदम ४८ घेतली होती. शिवाय ते मुळात शिकाऊ विमानावरून बेतलेले, म्हणजे एका खरेदीत दोन कामे. आणि तेजस मार्क-१ए अजून भारतीय हवाई दलाच्याच हातात पडले नव्हते. यंत्रमाग घेणारा सोलापूरचा कारखानदार मागाचा वेग नंतर विचारतो. आधी विचारतो, शेजाऱ्याकडे असा माग चालू आहे का आणि त्याचे सुटे भाग कुठे मिळतात.

अर्जेंटिनाची तऱ्हा त्याहून निराळी. फॉकलंड युद्धापासून ब्रिटन या देशाला शस्त्रे देण्यावर निर्बंध ठेवून आहे. २०२० मध्ये कोरियाचे एफए-५० त्यामुळेच अडले, कारण त्यात ब्रिटिश भाग होते. तेजसचीही तीच गत: वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची मार्टिन-बेकरची, म्हणजे ब्रिटिश. ते भाग बदलून देण्याची तयारी एचएएलने दाखवली, पण बदललेल्या भागांसह विमान पुन्हा तपासून प्रमाणित करायचे म्हणजे वर्षे जातात. अर्जेंटिनाने एप्रिल २०२४ मध्ये डेन्मार्ककडून २४ वापरलेली एफ-१६ घेतली, सुमारे ३० कोटी डॉलरना. सांगाडे १९८० च्या दशकातले, पण खुर्चीसुद्धा अमेरिकी. जुने विमान घेऊन त्यांनी शहाणपणा केला असे मला वाटते. ब्युनोस आयर्सच्या आकाशात ती निदान उडतात.

सगळ्यांत शिकण्यासारखे क्रोएशियाचे. इवलासा देश, मोडकळीला आलेली मिग-२१. २०१८ मध्ये त्यांनी इस्रायलकडून १२ वापरलेली एफ-१६ घ्यायचे ठरवले. त्यात इस्रायलने आपली उपकरणे बसवली होती. अमेरिकेने आडकाठी केली आणि २०१९ च्या सुरुवातीला व्यवहार मोडला. मग २०२१ मध्ये क्रोएशियाने फ्रान्सच्या हवाई दलातली १२ वापरलेली राफेल सुमारे १०० कोटी युरोंना घेतली. महाग, दोन इंजिनांचे, एवढ्या लहान देशाला भारी. पण इंजिन, रडार, क्षेपणास्त्रे बहुतांशी एकाच दुकानातली. खुर्चीत मात्र तिथेही मार्टिन-बेकरची भागीदारी आहेच.

भारताचे राफेल मात्र लांबलचक तुलनेतून आले. २००७ मध्ये १२६ विमानांसाठी सहा स्पर्धक होते: राफेल, युरोफायटर, एफ-१६, एफ-१८, ग्रिपेन आणि मिग-३५. बंगळूरची दमट हवा, जैसलमेरचा उकाडा आणि लेहची विरळ हवा अशा तिन्ही ठिकाणी चाचण्या झाल्या. २०१२ मध्ये राफेल ठरले, वाटाघाटी घासत राहिल्या, आणि २०१६ मध्ये अखेर ३६ विमानांवर करार झाला. जगातली सगळ्यात कसून केलेली तुलना म्हणून तिचे नाव होते. विमाने आली तेव्हा निविदेला तेरा वर्षे झाली होती. लहान हवाई दलाला एवढी चैन परवडत नाही: बारा विमानांच्या ताफ्यात समजा दोन मोठ्या दुरुस्तीला, दोन सुट्या भागांच्या वाटेवर आणि तीन-चार प्रशिक्षणाला गेली, की सीमेवर पाठवायला उरतात चार-पाच. निविदेपासून विमान येईपर्यंत तेरा वर्षे गेली तर तेवढीही उरत नाहीत.

मग सल्ला काय? अमेरिकेशी नीट चालले असेल आणि पैसा बेताचा असेल, तर युरोपीय देश काढत असलेली एफ-१६ पाहावीत. वैमानिक घडवायचे आणि हलकी गस्त घालायची, तर एफए-५०. थोडा पैसा असेल आणि रस्त्यांवरून विमाने उडवायची तयारी हवी असेल, तर ग्रिपेन. स्वीडनने ते त्यासाठीच बनवले आहे. वॉशिंग्टनवर भरवसा नसेल, तर राफेलचे बिल सोसावे लागेल. तेजसचे नाव मी आज या यादीत वर घालणार नाही, आणि हे मराठी माणसाने लिहिताना हात थोडा अडखळतो.

कारण उघड आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजसचा करार झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ चा, ६२,३७० कोटींचा. पहिली विमाने मार्च २०२४ पासून हवाई दलाला मिळायची होती. इंजिनांची पहिली खेपच मार्च २०२५ मध्ये आली, कारण ती अमेरिकेतल्या लिन शहरातून यायची होती. कावेरी हे आपले इंजिन १९८० च्या दशकात हाती घेतले होते. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे केले. ओझरमध्ये बनलेले पहिले तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्र्यांसमोर उडाले. तिथली माणसे कसबी आहेत, सुखोईवर घासून तयार झालेली आहेत. विमानाचा सांगाडा ती वेळेत उभा करतील. त्यात इंजिन कधी बसेल हे ओझरला ठरवता येत नाही. एचएएलने आधी आपल्याच हवाई दलाची ही १८० विमाने द्यावीत. परदेशी गिऱ्हाइकापुढे तेजसचे माहितीपत्रक त्यानंतर ठेवावे.