बहिणीचा हिस्सा आणि 'वरच्या कोर्टाचा निकाल'

भिवंडीजवळच्या राहनाळला शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली आणि सातबाऱ्यावरच्या एकेका नावाला भाव आला. बहिणीच्या हक्कसोडपत्राचा विषय निघाला, की घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे करतं : 'हे बघ, वरच्या कोर्टाचा निकाल.' असेलही. पण किती न्यायमूर्तींचा? आणि पुढे तो टिकला का?

'एकदा निकाल लागला म्हणजे कायदा पक्का' असं समजणाऱ्यांनी हा प्रवास पाहावा. कायद्यातल्या दुरुस्तीमुळे ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलगीही मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार झाली. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं, की हा जन्मसिद्ध हक्क त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलींनाच. त्या हिशेबाने सर्वांत थोरली हक्कदार तेव्हा पहिलीत असती! २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. मग सर्वोच्च न्यायालयातच पेच पडला. २०१५ चं पीठ म्हणालं, त्या तारखेला वडील हयात हवेत. २०१८ च्या पीठाने २००१ मध्ये वडील वारलेल्या मुलींना हिस्सा दिला. दोन्ही पीठं दोन-दोन न्यायमूर्तींची; खालच्या कोर्टाने ऐकायचं कुणाचं? अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी वडील हयात असण्याची अट काढून टाकली. घटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे भिवंडीच्या दिवाणी न्यायालयावरही हा निकाल बंधनकारक आहे. दुसऱ्या राज्यातल्या उच्च न्यायालयाचा निकाल तिथे दाखवता येतो, पण तो मानलाच पाहिजे असं नाही.

'आता जुन्या वाटण्याही उकरल्या जाणार' ही भीतीही अर्धवटच. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते, त्याआधीची विक्रीही. मात्र 'आमची तोंडी वाटणी कधीच झालीय' एवढं म्हणून भावांची सुटका नाही. त्याला सरकारी दप्तरातला भक्कम पुरावा लागतो, आणि तोही अपवाद म्हणूनच मानला जातो.

निकालातलं प्रत्येक वाक्यही बांधत नाही. वाद ज्या कारणावर सुटला, तेवढंच बांधतं. विनीता शर्मा खटला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचा. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून गाळा घेतला आणि वैध मृत्युपत्राने एकट्या मुलाला दिला, तर हा निकाल दाखवून बहिणीला त्या गाळ्यात हिस्सा मागता येणार नाही.