बौद्धिक दिव्यांग विद्यार्थी आणि सरकारी शिष्यवृत्ति

पन्हाळा तालुक्यांतील कोडोली हें मोठें गांव. शेजारींच वारणानगर, तेथें सहकारी साखर कारखान्याभोंवतीं उभीं राहिलेलीं महाविद्यालयें आहेत. कोडोलीच्या मुलाला पदवीसाठीं गांव सोडावें लागत नाहीं. परंतु याच गांवांत, ज्याची समज वयाच्या मानानें सावकाश वाढली असा एखादा मुलगा असला, तर त्याला हें जवळचें महाविद्यालय किती लांब पडतें, आणि तें अंतर कमी करण्यास सरकारचा पैसा कितपत उपयोगी पडतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

अशा मुलास पूर्वीं मतिमंद म्हणत. आतां बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला हें बरेंच झालें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मात्र शब्दाहून अधिक कांहीं दिलें आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांस निदान शेंकडा ५ जागा राखीव आहेत, आणि प्रवेशाच्या वयांत ५ वर्षांची सवलत आहे. केंद्र सरकारची शिष्यवृत्ति अकरावीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत मिळते. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. राज्य सरकारचीहि दहावीनंतरची शिष्यवृत्ति आहे, आणि २०२२ सालीं महाराष्ट्रानें दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातें काढलें. कागदावर पाहतां तक्रारीला जागा दिसत नाहीं.

पण या लाभांच्या मागें दोन अटी उभ्या आहेत. दिव्यांगत्व शेंकडा ४० वा अधिक असल्याचें प्रमाणपत्र पाहिजे, आणि दहावीचा टप्पा ओलांडलेला पाहिजे. वेगवेगळ्या पाहिल्यास दोन्ही अटी वाजवी वाटतात. शेजारीं ठेवल्या कीं घोटाळा ध्यानांत येतो. केंद्र सरकारनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निकषांत बौद्धिक दिव्यांगत्व तीव्र असल्यास ९० टक्के, मध्यम असल्यास ७५, सौम्य असल्यास ५० आणि सीमारेषेवरचें असल्यास २५ टक्के धरावें असें ठरलें. आतां जो मुलगा, दोनदां नापास होऊन कां होईना, दहावी पार करील, तो पुष्कळदां या २५ टक्क्यांतलाच असावयाचा. त्याच्या हातीं शिष्यवृत्ति पडत नाहीं. ज्याच्यापाशीं ७५ टक्क्यांचें प्रमाणपत्र आहे, तो बहुधा विशेष शाळेंत वाढलेला. पैसे ओळखावे कसे, एस.टी.नें एकट्यानें जावें कसें, हें तेथें शिकवितात आणि तें योग्यच आहे. परंतु त्यानें दहावी होत नाहीं. राहतां राहिला मधला, ५० टक्क्यांचा. तो आंत जाऊं शकतो, पण त्याच्या पाठीशीं रोज बसणारें कोणी असेल तरच.

समजा, तो आंत गेला. फी शिष्यवृत्तींतून भागते. पण त्याच्या शिक्षणांतला मोठा खर्च फीचा नव्हेच, तो माणसाचा आहे. व्याख्यान सोप्या शब्दांत पुन्हां सांगणारा, वर्ग बदलला तर वाट दाखविणारा, परीक्षेचा अर्ज भरला कीं नाहीं तें पाहणारा कोणी तरी त्याला लागतो. शिष्यवृत्तींत दिव्यांगत्वापोटीं निराळा भत्ता धरलेला असतो खरा. परंतु वर्षाकाठीं मिळणाऱ्या थोडक्या हजारांत असा माणूस मिळत नाहीं. मग आईच त्याच्याबरोबर जाऊं लागते, किंवा मुलगा घरीं बसतो.

पूर्वीच्या करवीर संस्थानाच्या मुलखांत ही गोष्ट नवी वाटूं नये. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, आणि पुढें इतर जातींसाठींहि वसतिगृहें उभीं केलीं. खेड्यांतला मुलगा शिकावयास आला तर राहणार कोठें आणि जेवणार काय, हा फीच्या आधींचा प्रश्न होता. त्या मुलास खोली लागत होती, याला सोबती लागतो.

अमेरिकेंत २००८ च्या उच्च शिक्षणाच्या कायद्यानें यांतून एक वाट काढली. शालान्त प्रमाणपत्र नसलेल्या बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यासहि, मान्य केलेल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत सरकारी अनुदान मिळूं लागलें. आणि २०१० पासून असे अभ्यासक्रम घडविण्यासाठीं खुद्द महाविद्यालयांसहि पैसा देण्यांत आला. विद्यार्थी कांहीं वर्ग इतरांबरोबर करतो, कांहीं वेळ कामाचें शिक्षण घेतो. आपल्याकडे पैसा विद्यार्थ्याच्या नांवें निघतो. सोबती नेमण्याचें बंधन कोणावरच नाहीं.

तूर्त कोडोलीच्या पालकांस जें हातीं आहे तें वेळेवर करावें लागतें. प्रमाणपत्राची तपासणी आठवी-नववींतच उरकून घ्यावी, म्हणजे दहावीच्या परीक्षेला वाढीव वेळ व लेखनिक यांची सवलत मागतां येते. दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट देण्याची तरतूदहि कायद्यांत आहे. शाळेस ती ठाऊक नसल्यास लेखी अर्ज करावा. नेहमींची दहावी झेपत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा एकेक विषय करून ५ वर्षांत पुरी करतां येते. आणि मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क १८ व्या वर्षीं संपतो, हें ध्यानांत ठेवून वर्षांचा हिशेब आधींच मांडावा.